पायथनमधली टिंबे

वर्गात दोन सुनीता असतील तर हजेरी घेताना आपण आडनाव लावतो. पायथन या संगणकभाषेलाही अशीच अडचण आली आणि ती सोडवायला बरीच वर्षे लागली.

पायथनची प्रत्येक फाइल म्हणजे एक मॉड्यूल. दुसऱ्या मॉड्यूलमधले काही हवे असेल तर 'इम्पोर्ट' लिहून त्याचे नाव द्यायचे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा एवढे पुरत असे. पुढे मॉड्यूलांची संख्या वाढली आणि ती पॅकेजमध्ये, म्हणजे कप्प्यांत, ठेवली जाऊ लागली. कप्प्यातल्या फाइलने नुसते नाव घेतले की पायथन आधी त्याच कप्प्यात शोधत असे, तेथे नसेल तरच बाहेर. सोय वाटते खरी! पण समजा, आपण कप्प्यात 'स्ट्रिंग' नावाची फाइल ठेवली. पायथनबरोबर येणाऱ्या संग्रहातही त्याच नावाचे मॉड्यूल आहे. शेजारच्या फाइलला ते हवे असले तरी हाती घरचेच येई, आणि बाहेरचे मिळवायला सरळ वाटच नव्हती.

डिसेंबर २००३ मध्ये प्रस्ताव क्रमांक ३२८ मांडला गेला. नुसते नाव आले तर ते बाहेरच्या मुख्य यादीतूनच शोधायचे. शेजारचे हवे तर आधी टिंब द्यायचे. टिंबाऐवजी इतर खुणाही सुचवल्या गेल्या, पण रॉसम यांचा कौल टिंबाला मिळाला. एक टिंब म्हणजे हाच कप्पा, दोन म्हणजे त्याबाहेरचा, तीन म्हणजे त्याच्याही बाहेरचा. २००६ च्या २.५ आवृत्तीत टिंबे आली; नुसत्या नावाचा नवा नियम मात्र फाइलीत तसे लिहून मागून घ्यावा लागे. तो सक्तीचा झाला २००८ च्या ३.० आवृत्तीत. जुन्या आज्ञावल्या एकाएकी बंद पडू नयेत म्हणून ही सबुरी, आणि आम्हाला ती योग्यच वाटते.

विद्यार्थी अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी. टिंबे फोल्डरांवरून मोजली जातात असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती मॉड्यूलच्या पूर्ण नावावरून मोजली जातात. 'शाळा' कप्प्यातल्या 'गुण' फाइलचे पूर्ण नाव 'शाळा.गुण'. तीच फाइल थेट चालवली की पायथन तिला 'मेन' हे खास नाव देतो. त्यात कप्प्याचा पत्ताच नसतो. मग टिंब कोठून मोजणार? शेजारची फाइल डोळ्यांसमोर दिसत असूनही 'पालक पॅकेज माहीत नाही' अशा अर्थाची तक्रार पडद्यावर येते. अलिसा कॉगलन यांच्या २००७ च्या प्रस्ताव ३६६ मुळे यातून वाट निघाली. कप्प्याबाहेरच्या फोल्डरमधून, 'एम' हा पर्याय देऊन, मॉड्यूल पूर्ण नावाने चालवायचे. नाव 'मेन'च राहते, पण कप्प्याची नोंद पायथन वेगळी ठेवतो.