खेळाडूचा घाम

हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने टेनिसवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. जुन्नर-आंबेगावच्या मातीत कुस्ती रुजली, बैलगाडे पळाले; टेनिस आम्ही वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच पाहिले. तरी हा विषय मी घेतला, कारण अंगमेहनतीवर जगणाऱ्यांचा प्रश्न त्यात आहे.

एका मराठी घराच्या दोन पिढ्या पाहू. नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले. त्यांचा पहिला ओढा टेनिसकडे. १९५१-५२ साली कलकत्त्यास कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, तेथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली क्वालालंपूरला विजेतेपद मिळविले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला.

त्या काळी विम्बल्डनचे दार पैसे घेऊन खेळणाऱ्यास बंद असे. पोटासाठी खेळणे कमीपणाचे, हा नियम ज्यांच्या घरी चुलीची काळजी नव्हती, त्यांनी केलेला होता. १९६८ साली ते दार उघडले. पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले, महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५०. गवत तेच, घाम तोच, दर मात्र निराळे! बक्षीस समान व्हायला तेथे २००७ साल उजाडले.

पुढचे हक्कही आयते मिळाले नाहीत. १९७२ साली पुरुष खेळाडूंनी आपली संघटना बांधली. दुसऱ्याच वर्षी निकोला पिलिच या सहकाऱ्यावर बंदी आली, तेव्हा ८१ जणांनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथही त्यांत होता. आमच्या भाषेत याला संप म्हणतात.

नाटेकरांचे चिरंजीव गौरव १९७२ चे, म्हणजे माझ्याच पिढीचे. ते व्यावसायिक टेनिसपटू झाले. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धांत लिअँडर पेससह दुहेरीत आणि सांघिक गटातही त्यांनी सुवर्णपदक मिळविले; १९९६ साली घरात दुसरा अर्जुन पुरस्कार आला. वडील ज्या खेळातून परतले, तो मुलाचा पेशा झाला. कर्तृत्व त्यांचे खरेच. पण वाट आधी इतरांनी मोकळी केली होती.

आता आपल्याकडे वळू. माझ्या ओळखीच्या एका पैलवानाने जत्रा गाजविल्या. गुडघा गेला, तसा तो बाजार आवारात पोती उचलू लागला. १९६९ चा माथाडी कायदा हमालाला भविष्यनिर्वाह निधी मागण्याचा हक्क देतो. म्हणजे पोते उचलले तेव्हा तो कामगार ठरला. आखाड्यात हाडे मोडली तेव्हा नारळ, फेटा आणि टाळ्या!

माझे मागणे लहान आहे. गावोगावच्या पंचांनी जत्रेच्या वर्गणीतील काही हिस्सा जायबंदी मल्लांसाठी दरवर्षी बाजूला काढावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, तर मेहनतान्याची राहिलेली बाकी म्हणून द्यावा.