शाळेतली गळती : मूल कुठे निसटते आणि त्याला कुठे धरता येते

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले असताना, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्या भाषणात त्यांनी एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मुलाचे नाव पटावर लागले एवढ्यावर समाधान मानायला ते तयार नव्हते. ते मूल कायमचे साक्षर होऊनच शाळेबाहेर पडते का, हा त्यांचा प्रश्न होता.

आज चौथीपर्यंत बहुतेक मुले पोहोचतात. गळती वर सरकली आहे. ती आता आठवी ते अकरावीच्या दरम्यान होते, आणि तिथे मूल एकाएकी शाळा सोडत नाही. आधी सोमवार बुडतो, मग बाजाराचा दिवस बुडतो, मग महिना बुडतो. या वाटेवर मुलाला थांबवणाऱ्या बऱ्याच तरतुदी महाराष्ट्रात आहेत. वस्तीतल्या कार्यकर्त्याला त्या तोंडपाठ हव्यात, कारण शाळा त्या आपणहून सांगतेच असे नाही.

सुरुवात शिक्षण हक्क कायद्यापासून करू. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणे शाळेवर बंधनकारक आहे. जन्माचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा आली आहे, पण नापास मुलाला दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. "दाखला आणा, मग बघू" असे मुख्याध्यापक म्हणाले, तर कायद्याचे कलम ५ दाखवावे आणि काम अडले तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

स्थलांतर करणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर निघतात आणि शाळेचे वर्ष संपत आल्यावर परततात. या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येते. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची वेगवेगळी मिळून ८२ वसतिगृहे. मुकादमाची उचल घेतल्यावर पालकांचा निर्णय झालेला असतो. म्हणून हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत सप्टेंबरमध्येच काढावा लागतो.

खरी पोकळी आठवीनंतर आहे. मोफत शिक्षणाचा केंद्रीय कायदा तिथे संपतो, आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलाची फी-माफीही तिथेच संपते. बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंतच असते. हायस्कूल दुसऱ्या गावाला असते. मुलींसाठी हे अंतरच निर्णायक ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी सहावी ते दहावीच्या शासकीय निवासी शाळा आहेत. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहांत आठवीपासून प्रवेश मिळतो.

पैशाची बाजू मात्र तुटपुंजी आहे. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीत पाचवी ते सातवीच्या मुलीला महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीच्या मुलीला १०० रुपये मिळतात, तेही वर्षातले दहा महिने. म्हणजे वर्षाला हजार रुपये. शेतमजुरीच्या काही दिवसांत मुलगी एवढे घरी आणते, हे आईला शिकवावे लागत नाही. नववी-दहावीची केंद्राची शिष्यवृत्ती जरा बरी आहे, घरी राहणाऱ्याला वर्षाला ३,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ७,००० रुपये. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे.

दहावी नापास म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत वस्तीत अजून घट्ट आहे. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची, आता जून-जुलैमध्ये होते, म्हणजे वर्ष वाचू शकते. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. बारावीला तो भरायचा तर दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे सुटे सोडवता येतात. गॅरेजवर किंवा बांधकामावर काम करणाऱ्या पोरासाठी माझ्या मते हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे.

अकरावीपासून भारत सरकार शिष्यवृत्ती लागू होते, मर्यादा पुन्हा अडीच लाखांची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेला ५९,०४८ कोटींची मंजुरी दिली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आहे आणि दहावीनंतर थांबलेल्या सर्वांत गरीब घरांतल्या मुलांपर्यंत पोहोचणे हा हेतू सांगितला होता. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. पण तिला ५० टक्के गुणांची आणि ७५ टक्के हजेरीची अट आहे. हजेरीचे समजू शकते. गुणांची अट मात्र ४५ टक्क्यांवर अडखळणाऱ्या मुलालाच बाहेर ठेवते, आणि गळतीच्या काठावर उभा असतो तो नेमका तोच. ही अट बदलण्याची मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

या सगळ्या योजनांच्या दाराशी जातीचा दाखला उभा आहे. धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी शाळेच्या रजिस्टरात फक्त "बौद्ध" लिहिले. ते स्वाभिमानाचेच होते. केंद्राने १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, पण दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे महाराष्ट्रातले वास्तव्य दाखवावे लागते. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते, आणि त्यासाठी तहसीलला तीन-चार फेऱ्या होतातच. अकरावीचा अर्ज महाडीबीटीवर भरताना हे सुरू केले तर मुदत निघून जाते. मूल आठवीत असतानाच कागद काढायला बसावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. आपल्या वस्तीतले कोण त्यात आहे, हे आधी पाहावे. मग विहारात एक वही ठेवावी. मुलाचे नाव, वर्ग, शेवटचा हजेरीचा दिवस, जातीचा दाखला आहे की नाही, आधारशी जोडलेले बँक खाते आहे की नाही, एवढे रकाने पुरे. मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली आणि तिचे वय १८ च्या आत असेल, तर १०९८ वर कळवता येते. जूनमध्ये पट भरलेला दिसतो, म्हणून वहीची पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात मारावी.