शिडांची रीत, इंजिनांची बंदी

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढायची, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा मासेमारीला लागायचे, ही कोळ्यांची जुनी रीत. तिच्यात श्रद्धा होती, तसा नाइलाजही होता. खवळलेल्या समुद्रात शिडाची होडी टिकत नसे. मासळीला वाढायला मिळणारी ती सवड खरे तर वाऱ्याची कृपा.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसली, सुती आणि सणाच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले, मागोमाग ट्रॉलर. भर पावसातही दर्यात शिरता येऊ लागले, तिथे रीत तोकडी पडली. केरळात यावरून आंदोलने पेटली आणि १९८८मध्ये पावसाळी ट्रॉलिंगवर बंदी आली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पुढे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली. पंचांगाशी तिचा मेळ बसतोच असे नाही: २०२३मध्ये अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला गेली.

आता वाराही वेळ पाळेनासा झाला आहे. २०१९मध्ये ऐन हंगामात, ऑक्टोबरअखेर, ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती. २०२१च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. नुकसान फक्त होड्यांचे होत नाही. वर्सोवा, अर्नाळ्याला दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर सुकत टाकतात. कडक ऊन लागते. अवकाळी सर आली की माल नासलाच.

पापलेटाची गोष्ट अधिक अवघड. २०२३मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट पकडू नये, असा नियमही आला. वीतभरसुद्धा नाही ही लांबी! लहान मासळी गेली की बोट ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांकडे दाखवले जाते. त्यात तथ्य आहे, पण डोलही निर्दोष नाही. खुंटांना बांधलेल्या या जाळ्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे असते. पाण्याबरोबर येईल ते आत जाते. शेपटाकडचा आस, म्हणजे जाळ्याचे भोक, इतका बारीक, की बोटाएवढी पापलेटेही अडकतात. आस मोठा करा, असे सांगणे सोपे आहे. तो मोठा केला की जवळा निसटतो, आणि अनेक डोलकरांच्या घरचा खर्च जवळ्यावरच भागतो.