अब्जांश प्रकाशयांत्रिक स्विच व स्मृती

प्रकाशाच्या बलाने हलणारा अतिसूक्ष्म यांत्रिक भाग वापरून प्रकाशसंकेताचा मार्ग बदलणाऱ्या किंवा संकेत साठवून ठेवणाऱ्या प्रयुक्तींना ही संज्ञा लावतात. हलणाऱ्या भागाची जाडी वा रुंदी साधारणपणे काहीशे नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) किंवा त्याहून कमी असते. असा भाग द्विस्थिर असल्यास त्याची स्थिती टिकविण्यासाठी ऊर्जा लागत नाही. ती केवळ स्थिती बदलताना व वाचताना खर्च होते.

इतिहास : हलत्या भागांचा त्याग ही संगणकाच्या विकासातील एक महत्त्वाची पायरी होती. प्रारंभीच्या काही संगणकांतील विद्युत्‌ चुंबकीय रिले मागे पडून निर्वात नलिका व पुढे ट्रँझिस्टर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती फेराइट गाभ्यांची होती. वीज बंद झाली, तरी गाभ्यांचे चुंबकन टिकून राहत असे. तिची जागा घेणारी अर्धसंवाहक स्मृती वेगवान व आटोपशीर होती. मात्र संगणकाच्या नित्य कार्यकारी स्मृतीतील माहिती राखण्यासाठी वीजपुरवठा अखंड ठेवणे भाग पडले. ट्रँझिस्टरांचे आकारमान घटत गेले, तसतसा बंद स्थितीतही त्यांतून झिरपणारा प्रवाह डोईजड होऊ लागला. यांत्रिक स्विचाच्या दोन भागांत प्रत्यक्ष फट पडत असल्याने असा प्रवाह जवळजवळ वाहत नाही. म्हणून त्याचा नव्याने विचार सुरू झाला.

हा भाग विजेऐवजी प्रकाशानेच हलविता येईल काय, या प्रश्नामागे जुने संशोधन आहे. प्रकाश पृष्ठावर दाब देतो, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये सिद्धांतरूपाने मांडले. पीटर लेबेडेव्ह (१९०१) आणि ई. एफ. निकल्स व जी. एफ. हल (१९०१–०३) यांनी तो प्रयोगाने दाखविला. भर दुपारचे ऊन एक चौ. मी. आरशावर लंबरूप पडले, तरी होणारे बल एक मिलिग्रॅम वस्तूच्या वजनापेक्षा कमी भरते. परंतु वस्तू सूक्ष्म असली, की हेच बल पुरेसे होते. आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्ये लेसर किरणाने सूक्ष्म गोलक हलवून दाखविले [⟶ लेसर]. अनुस्पंदक पोकळीत कोंडलेला प्रकाश वारंवार परावर्तित होत असल्याने तेथे बल अनेक पटींनी वाढते. अशा पोकळीचा एक आरसा टांगता ठेवल्यास एकाच प्रकाशतीव्रतेला त्याच्या दोन स्थिर स्थिती संभवतात, असे जर्मनीतील गार्किंग येथे १९८३ मध्ये आढळले. शून्य व एक या द्विमान अंकांसाठी लागते ते नेमके हेच.

बॉस्टन विद्यापीठात २००४ मध्ये सिलिकॉनच्या द्विस्थिर सूक्ष्म तुळईचे स्मृति-एकक तयार झाले. ते विजेवर चाले. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये तरंगमार्गदर्शकातून बाहेर डोकावणाऱ्या प्रकाशक्षेत्राच्या बलाने तो मार्गदर्शकच हलविला. त्याच विद्यापीठात २०११ मध्ये वर किंवा खाली वाकून स्थिर राहणारी तुळई प्रकाशीय पोकळीत बसविण्यात आली. लेसरची कंप्रता पोकळीच्या कंप्रतेहून किंचित जास्त ठेवली, की तुळईची आंदोलने वाढून ती दोन स्थितींमधील अडसर ओलांडते. किंचित कमी ठेवली, की आंदोलने शमून ती एका स्थितीत बसते. तुळईच्या स्थितीनुसार पोकळीची कंप्रता बदलते व त्यावरून नोंद वाचता येते.

महाराष्ट्रातील कार्य : इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मुंबई (पवई) येथे २००६ मध्ये अब्जांश इलेक्ट्रॉनिकीचे केंद्र सुरू झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख व सहकारी यांनी अधांतरी ताणलेल्या ग्रॅफीनच्या कंपकांचा अभ्यास केला (२०१०). अशा पडद्याच्या दोन कंपनपद्धतींचे प्रबल युग्मन त्यांनी २०१६ मध्ये दाखविले. हे कंपक विजेने चालतात, प्रकाशाने नव्हे. तथापि सूक्ष्म कंपकातील ऊर्जा नियंत्रितपणे एका कंपनपद्धतीतून दुसरीत नेणे, हा प्रश्न दोन्ही क्षेत्रांत समान आहे.

मर्यादा : यांत्रिक भाग ट्रँझिस्टरापेक्षा पुष्कळच सावकाश हलतो. हवेच्या विरोधामुळे अनेकदा निर्वात लागतो आणि जवळ आलेली पृष्ठे एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. शिवाय प्रकाशीय पोकळी आजच्या ट्रँझिस्टराच्या मानाने फार मोठी असते आणि लेसरला लागणारी वीजही हिशेबात धरावी लागते. यामुळे या प्रयुक्ती सर्वसाधारण संगणकात ट्रँझिस्टराची जागा घेऊ शकलेल्या नाहीत. जेथे संकेत मुळातच प्रकाशरूप असतो व त्याचा मार्ग क्वचितच बदलावा लागतो, अशा प्रकाशीय तंतूंच्या जाळ्यांत मात्र एकदा घेतलेली स्थिती विनाखर्च टिकविण्याचा त्यांचा गुण मोलाचा ठरू शकतो.