मोजणीच्या रकान्यात न बसलेलं मूल : पेण-रोह्यातून दिसणारा एडीएचडीचा इतिहास

आज तीन साध्या प्रश्नांपासून सुरुवात करतो. पेण आणि रोहा तालुक्यांत एडीएचडी असलेली मुलं किती? निदानासाठी किती थांबावं लागतं? आणि घरच्यांचा खर्च किती होतो? तालुक्यापुरते हे आकडे सरकार प्रसिद्ध करत नाही. असं का, याची गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांची आहे, आणि तीच आज सांगायची आहे.

आधी एडीएचडी म्हणजे काय ते थोडक्यात. लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, विचार करायच्या आधीच कृती होऊन जाते. हे घरी, शाळेत, सगळीकडे आणि सतत होत असेल, त्यामुळे मुलाचं अडत असेल, तर डॉक्टर त्याला हे नाव देतात. आपल्याकडे अशा मुलाला ‘वांड’ म्हणतात आणि विषय संपतो.

आता मागे जाऊया. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आलं. इंग्रजांनी १८८१ च्या जनगणनेत घरोघरी चार गोष्टी विचारल्या: वेडसर कोण, आंधळं कोण, मुकं-बहिरं कोण आणि कुष्ठरोगी कोण. ही मोजणी १९३१ पर्यंत चालली, मग थांबली. म्हणजे जे डोळ्यांना दिसतं किंवा गावाला खुपतं, तेच मोजलं गेलं. सोयही त्याच मापानं झाली. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. पेण-रोहा या दोन्हींच्या मधे. वर्गात खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या पोरासाठी यात कुठेच जागा नव्हती.

गंमत बघा, १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशाच मुलांवर व्याख्यानं दिली. पण एडीएचडी हे नाव अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत यायला १९८७ उजाडलं. ज्याला नाव नाही, त्याची नोंद कशी होणार?

खर्चाची गोष्ट आपल्या रोह्याजवळून जाते. रोह्याशी घराण्याचं नातं असलेले सी. डी. देशमुख अनेक वर्षं भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. कल्पना महालनोबिसांची. लोक आजारपणावर किती खर्च करतात, हे आज आपल्याला याच पाहणीतून कळतं. औषधाबरोबर प्रवासाचा खर्चही त्यात विचारतात. पण प्रश्न असतो, गेल्या १५ दिवसांत घरात कोण आजारी होतं? एडीएचडीच्या मुलाची आई काय सांगणार? तिचं पोर आजारी थोडंच आहे, ते तर अंगणात पळतंय! आणि तिनं सांगितलंच, तरी उत्तर ‘मानसिक आणि मज्जासंस्थेचे आजार’ या मोठ्या गठ्ठ्यात जातं.

२०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. १२ राज्यं निवडली, त्यात महाराष्ट्र नव्हता. भर होता तो १८ वर्षांवरच्या माणसांवर. आपल्याला जवळचा आकडा गोव्याकडून मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच भागांपैकी एक उत्तर गोवा होता. २ ते ९ वर्षांच्या जवळपास १२ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण दिसली. थोडी मोठी मुलं तपासताना एडीएचडीही पाहिला होता.

दार उघडलं ते २०१३ मध्ये, आणि तेही आपल्या कोकणातच. ६ फेब्रुवारीला पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी. त्यातल्या ३० आजार-अडचणींच्या यादीत एडीएचडीचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. शंका आली तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचं. आपला जिल्हा म्हणजे अलिबाग. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, एडीएचडी मात्र वेगळा आला नाही. एका यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही.

औषधाचंही तसंच. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचं औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवतो. गैरवापर रोखायला नियम हवाच. पण त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळी मिळेलच असं नाही. मग पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या किंवा धाटावच्या एमआयडीसीत ठेक्यावर असलेल्या माणसाचा खरा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज. गोळीच्या पाकिटावर ही किंमत छापलेली नसते.

थांबण्याचे आकडे मोजता येतात का? येतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं मे २०२५ मध्ये पहिल्यांदा एडीएचडीचे आकडे एकत्र करून छापले. तपासणीच्या रांगेत पाच लाखांहून जास्त लोक असू शकतात, असं त्यातून दिसलं. आकडा लाजिरवाणा आहे. पण तो छापल्यामुळेच तिथले पालक आज सरकारला जाब विचारू शकतात.

आपल्याकडे सुरुवात घरातून होऊ शकते. शाळेतल्या तपासणीत मुलाला पुढे पाठवलं असेल, तर ती तारीख वहीत लिहा. डॉक्टर भेटले ती तारीख लिहा. भाडं आणि बुडालेला रोज लिहा. माहितीच्या अधिकारात तालुक्याचे आकडे मागता येतात: किती मुलं पाठवली, किती पोचली, मधे किती दिवस गेले. सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पेण-रोह्याच्या श्रोत्यांनो, वहीतल्या तारखा तुमच्याकडे असतील तर जरूर कळवा, मुलाचं नाव न देता. पुढच्या भागात भेटूया.