जान बेगमेचें माहेर

मुदखेडाहून दक्षिणेस गेलें म्हणजे उदगीरचा किल्ला लागतो. १७६० च्या फेब्रुवारींत तेथें निजामाची फौज मराठ्यांपुढें हतबल झाली, त्यांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा वांटा मोठा होता. आणि इब्राहिमखान तयार झाला होता तो बुसीच्या कवायती फौजेंत. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आला असें सामान्यतः मानतात. १७५१ त सलाबतजंगास घेऊन औरंगाबादेस आलेल्या या बुसीचें नांव आमच्या मराठवाड्याच्या इतिहासांत पदोपदीं येतें. परंतु ज्या बाईचा तो जांवई व्हावयाचा होता, तिच्याकडे आपल्या लेखकांचें लक्ष क्वचितच जातें. ती बाई म्हणजे पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याची पत्नी झान, ऊर्फ जान बेगम.

फ्रेंचांनीं पाँडिचेरीस ठाणें घातलें तें १६७४ सालीं. झानचा जन्म त्याच गांवीं २ जून १७०६ रोजीं झाला. बाप झाक तेओदोर आल्बेर हा कंपनीचा शस्त्रवैद्य. आई एलिझाबेथ रोझ द कास्त्रो ही मद्रासकडील पोर्तुगीज-हिंदी कुळांतली. तेराव्या वर्षीं झानचें लग्न कंपनीच्या चाकरींतील झाक व्हेंसां याच्याशीं लागलें. (बालविवाह हा केवळ आपलाच दोष, असें म्हणणारांनीं ही तारीख टिपून ठेवावी.) अकरा मुलें झालीं, १७३७ त वैधव्य आलें, आणि १७ एप्रिल १७४१ रोजीं चंद्रनगरास तिनें डुप्लेशीं पुनर्विवाह केला.

एवढा तपशील मिळतो तो चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्यांमुळें. फ्रेंच दप्तरांत स्त्रीची नोंद मरेपर्यंत तिच्या माहेरच्या नांवानें होत असे. म्हणून मुलीवरून आईचा आणि आईवरून आजोळाचा माग काढतां येतो. आपल्याकडे लग्नाबरोबर आडनांव तर जातेंच, पुष्कळदां पाळण्यांतलें नांवही जातें. जुन्या वंशावळी उघडून पाहाव्या: बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू, आणि ज्यांच्या पोटीं ते जन्मले त्या बायांची जागा बहुधा कोरी. आपल्या पणजीच्या आईचें माहेर किती वाचकांस सांगतां येईल?

झानच्या बाबतींत हें माहेर केवळ शोभेचें नव्हतें. तामीळ आणि पोर्तुगीज या भाषा तिला लहानपणापासून येत होत्या. डुप्लेला तामीळ येत नव्हतें. दरबारांशीं पत्रव्यवहार, हेरांच्या बातम्या, आल्या-गेल्याशीं बोलणीं, या साऱ्यांत तिचा हात असे. डुप्लेच्या मुत्सद्देगिरीची स्तुति करणाऱ्या ग्रंथकारांनीं त्या यशाचा कांहीं भाग द कास्त्रोंच्या लेकीच्या पदरीं घालावयास हवा होता, असें आम्हांस वाटतें.

याचा अर्थ ती साध्वी होती असा नव्हे. डुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याची तामीळ रोजनिशी १७३६ पासून १७६१ पर्यंत चालते. तींत बाई लोभी आणि कारस्थानी दिसतात. १७४८ त वेदपुरीश्वराचें देवालय पाडलें गेलें, त्याचा ठपकाही तो तिच्यावर ठेवतो. त्या देवालयाचें दुःख खरें आहे आणि तें झांकूं नये. मात्र ज्या घरांत धनीणच तामीळ बोलते, त्या घरांत दुभाषाचें महत्त्व कमी होणारच, हेंही पिळ्ळै वाचतांना विसरूं नये.

मुलींच्या सोयरिकी पाहिल्या तर त्यांतही राजकारण दिसतें. एक मद्रासच्या बार्नव्हाल नांवाच्या व्यापाऱ्यास दिली. दुसरी दुव्हाल देप्रेमेनिल यास दिली. १७४६ त मद्रास फ्रेंचांनीं घेतल्यावर त्याच शहराचा कारभार या जांवयाकडे सोंपविण्यांत आला. तिसरी, जिला घरांत शोंशों म्हणत, तिचें लग्न बुसीशीं ठरलें होतें. परंतु १७५४ त डुप्लेस परत बोलाविलें आणि तें लग्न राहूनच गेलें. बाई ४ डिसेंबर १७५६ रोजीं पॅरिसला वारली.

देप्रेमेनिलच्या पोटीं पाँडिचेरीस १७४५ त जन्मलेला मुलगा पॅरिसच्या न्यायसभेंत नांवाजला. राजाच्या मंत्र्यांशीं झगडून १७८८ त तो कैदेंत पडला. पुढें क्रांतीच्याही विरोधांत उभा राहिला, आणि २२ एप्रिल १७९४ रोजीं गिलोटिनखालीं त्याचें डोकें उडालें. मद्रासच्या एलिझाबेथ द कास्त्रोचा तो पणतू होता.