दानाचा हिशेब : कार्ल्याच्या शिलालेखांपासून धाराशिवच्या चाचणीपर्यंत

मळवली स्टेशनवर उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. नव्या कार्यकर्त्यांना घेऊन आम्ही या बुद्ध लेण्यांवर जातो तेव्हा मूर्तींच्या आधी अक्षरे दाखवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांची, सुताराची, गंध विकणाऱ्याची, भिक्खुणीची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी दार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या पावत्याच आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेखही इथेच आहे. दुसऱ्या लेखातले ‘मामाल’ म्हणजे आपले मावळ.

याच उषवदाताचा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला लेख आजच्या प्रत्येक फाउंडेशनचा पूर्वज म्हणावा असा आहे. त्याने 3000 कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातले 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने. म्हणजे वर्षाला 240. वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशेब चोख जुळतो, आणि तो कोणालाही वाचता यावा म्हणून दगडात आहे.

आता विसाव्या शतकात या. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला. उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरातील रक्तकर्करोगाच्या संशोधनाला, एक-पंचमांश भारतातील संशोधनाला. तत्त्व तेच, अक्षयनीवीचे. दोराबजींच्या दुसऱ्या ट्रस्टमधून 1941 मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. तिथे आपल्या किती माणसांवर उपचार झाले, हे आम्ही विसरत नाही.

पण दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली : पैसा कुठून आला? टाटांच्या संपत्तीत मावळच्या पाण्याचाही वाटा आहे. वळवण, शिरवता, ठोकळवाडी ही धरणे बांधून इथले पाणी कोकणात सोडले आणि मुंबईला वीज दिली. मुळशीच्या शेतकऱ्यांना 1921 मध्ये सत्याग्रह करावा लागला. करजिक गावाचे उत्पन्नही शेवटी कुणब्याच्याच घामाचे होते. दुसरी : कोणत्या आजारावर संशोधन व्हायचे, हे दाता ठरवतो. गावकुसाबाहेरची बाई मेली म्हणून ट्रस्ट निघत नाही.

मग गावातल्या बाईच्या आजारावर पैसा आला तेव्हा काय झाले? 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. पैसा गेट्स फाउंडेशनचा. काम फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे. 497 गावे, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा.

2009 मध्ये निष्कर्ष आला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या 34,126 स्त्रियांत या कर्करोगाने 34 मृत्यू. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांत 64.

संशोधक म्हणतात, तेव्हा देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, मग चौथ्या गटाकडून आम्ही काय हिरावले? आम्ही विचारतो, कार्यक्रम का नव्हता? आणि सरकारच्या उणिवेला संशोधनाची सोय कसे मानता?

तरीही ‘संशोधनच नको’ असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञानाकडे पाठ फिरवायला शिकवले नाही. आमचे भांडण हिशेबाचे आहे. धाराशिवच्या स्त्रियांनी जगाला एचपीव्ही तपासणीचा पुरावा दिला. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून तीच तपासणी प्रथम करा म्हणते. आपल्या सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत आहे. ती स्वस्त आहे, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील चाचणीत तिने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हे खरे. पण धाराशिवच्या चाचणीत तिने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नव्हते, हेही खरे.

शोधनिबंधात पैसे देणाऱ्याचे नाव छापले जाते. शरीर देणारी बाई आकडा होते. तिचे नाव गुप्त राहावे, हे योग्यच. पण तिच्या दानाचा परतावा गुप्त का राहावा?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न पाठ करावेत. आपल्या वस्तीत चाचणी आली की विचारा : संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले का? तपासणी न मिळणाऱ्या गटाला ती नंतर मिळणार का, आणि कधी? उपाय सिद्ध झाला तर तो या गावात कोण देणार?

उत्तर लेखी घ्या. आपली परंपरा दान कोरून ठेवणाऱ्यांची आहे. पुढच्या वेळी मळवलीला उतराल तेव्हा तो सुताराचा लेख जरूर पाहा.

जय भीम!